जुफैरच्या हॉलमधला वन्स मोअर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.कॉम. झालो, बहारीनला नोकरी लागली, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की वाक्य तोंडातच अडायचं. ऑफिसातल्या सेक्रेटरी मॅडम साठीला टेकलेल्या इंग्रज बाई. त्यांनी मला जुन्या हॉलिवूडच्या संगीतपटांच्या व्हिडिओ कॅसेट आणून दिल्या. "गाणारा माणूस शब्द गिळत नाही," त्या म्हणाल्या. "ऐक आणि मागोमाग म्हण." त्यांचे हे उपकार मी विसरलेलो नाही.

नईम भागातल्या भाड्याच्या खोलीत माझ्याबरोबर रत्नागिरीकडचे एक चाचा राहायचे. बंदरात क्रेन चालवायचे आणि मी शिकलेला म्हणून मला मास्तर म्हणायचे. पडद्यावर शेपटीचा कोट घातलेला नायक नाचत जिना उतरू लागला की ते विचारायचे, "ह्यो मधीच गातो कशाला?"

"आपल्या नाटकात नाही का गात, चाचा?"

"गातात. पण एका जागी उभं राहून. ही धावपळ नाय."

त्या सिनेमांतल्या काही नामांकित नट्यांची गाणी पडद्यामागची दुसरीच बाई गाते, असं मॅडमनी एकदा आवाज खाली आणून सांगितलं. मला त्यात नवल वाटलं नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

मॅडम स्वतःही गायच्या. जुफैरमधल्या एका क्लबात हौशी मंडळी दरवर्षी एखादी जुनी ब्रॉडवे संगीतिका बसवत. त्या वर्षी मॅडमच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या गाण्याचा शेवटचा सूर फार वर जायचा. जेवणाच्या सुट्टीत त्या फायलींच्या खोलीत सराव करत, आणि सूर कधी लागे, कधी फाटे. "प्रयोगात तो लागला नाही तर हे माझं शेवटचं नाटक," त्यांनी संत्रं सोलता सोलता मला सांगितलं.

प्रयोगाला चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मॅडमचं गाणं नायकाचा निरोप घेतानाचं होतं. छान गायल्या. पण शेवटी वर जायच्या ऐवजी त्यांनी सूर खाली उतरवला आणि गाणं संपवलं. टाळ्या पडल्या. कोणाला काही कळलं नाही. मला कळलं.

पुढचं मी ठरवून केलं नाही. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाला गाणं मनाला लागलं की माणसं जे ओरडतात, तेच माझ्या तोंडून गेलं. "वन्स मोअर!"

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतली डोकी वळली. नायकाने पुढचं वाक्य सुरू केलं होतं, ते अर्ध्यावर राहिलं.

"गप बस, मास्तर," चाचा दबक्या आवाजात म्हणाले. "ही काय आपली जत्रा हाय?" मग माझ्याकडे वळलेली डोकी वळलेलीच राहिली, तेव्हा मला एकटं पाडायला नको म्हणून ते स्वतःच ओरडले, "वन्स मोअर!"

मॅडमनी माझा आवाज ओळखला असणार. त्या विंगेपर्यंत पोचल्या होत्या, तिथून परत आल्या आणि पियानोवाल्याला काहीतरी म्हणाल्या. नायक टोपी हातात घेऊन मुकाट्याने ट्रंकेवर बसला. या वेळी त्या वर गेल्या. सूर बारीक होता, सुरुवातीला थोडा थरथरला, पण वरच राहिला.

शुक्रवारची सुट्टी संपून शनिवारी ऑफिसात त्यांनी मला बोलावलं. "दिग्दर्शक तुझ्यावर चिडलाय. त्याचं म्हणणं, नाटकात मी नायकाला कायमची सोडून निघाले होते. परत कशी येणार?"

"आमच्याकडे मेलेला राजासुद्धा उठून गातो," मी म्हणालो, "आणि परत मरतो."

त्या हसल्या. मी एवढं इंग्रजी न अडता बोललो, हे रात्री खोलीवर गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

हसून झाल्यावर त्यांनी टाइपरायटरमध्ये कागद चढवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मला आजीचं काम आहे. एकच गाणं. आधीच सांगते, एकदाच गाईन."

मी दोन तिकिटं सांगून ठेवली.