खलनायकाला दिलेला गाल

सांगलीत घरी बसून मी सुपरहिरोंच्या कॉमिक्सची चित्रं काढतो. एका खलनायकाचा चेहरा काही केल्या जमेना, तेव्हा मी त्याला थोरल्या भावाचा भाजलेला डावा गाल दिला. कुपवाडच्या फाउंड्रीत वितळलेलं लोखंड उडून दादाचा गाल भाजला होता. तिथंच राबून त्यानं माझ्या चित्रकलेच्या शिक्षणाचा खर्च केला होता.

छापून आलेला अंक दादानं सावकाश चाळला. त्या पानावर तो थांबला. “लय भारी काढलंयस रं,” एवढंच म्हणाला. माफी मागायची सोडून मी अंक मिटून ठेवला.

पुढच्या अंकात मी खलनायकाला मुखवटा चढवला. पण पुतणीच्या साखरपुड्यात फोटोवेळी दादानं मान वळवून तो गाल लपवला. आधी कधीच लपवत नव्हता.