पुसून ठेवलेला बाक

मनमाडचं ते छोटं कॅथलिक चर्च बंद होणार होतं. रेल्वेतली माणसं निवृत्त होऊन पांगली, प्रार्थनेला थोडीच उरली. तिथले बाक नाशिकला आणायला माझा टेम्पो ठरला होता. पोचलो तर उरलेली सगळी माणसं बाकांवर बसलेली. कुणी ओरडत नव्हतं आणि उठतही नव्हतं.

पुढं एक म्हातारी होती. शेजारचा रिकामा बाक ती पदरानं सावकाश पुसत होती.

मी म्हणालो, "आजी, इथं कुणी नाही. एवढा तरी नेऊ द्या."

"येईल ना कुणीतरी," ती म्हणाली. "तू कधीचा उभा आहेस. बस."

मी बसलो. मग तिनं दाराशी उभ्या फादरांकडं पाहिलं.

"माणसं कमी झाली म्हणून कुणी घर मोडतं का, फादर?"

तिनं गाणं सुरू केलं. आवाज कापरा, पण सूर पक्का. बाकीचे गाऊ लागले, शेवटी फादरही. गाणं संपल्यावर ते मला म्हणाले, "गाडी परत न्या. मी बिशपांशी बोलतो."

चर्च अजून उघडं आहे. एवढा शांत हट्ट मी जन्मात पाहिला नव्हता. तिचं नाव विचारायचंही मला धाडस झालं नाही.