वाडगावचा काना

ज्या वर्षी आमच्या जिल्हा कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला, त्या वर्षी हर्सूलच्या तलावाचा तळ दिसत होता. लोक संध्याकाळी तो बघायला जायचे. शहर तेव्हा चहूकडं पसरत होतं. वाळूजकडं कारखान्यांची पत्र्याची छपरं चमकत होती, सिडकोत रोज नव्या घराचा पाया खणला जात होता. त्या घरांना पाणी कुठून येणार, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. आमच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं आणि त्या दिवशी मी कचेरीत उशिरा पोचायचे.

मी रोजंदारीवर टायपिस्ट होते. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, अशा दोन परीक्षा पास. त्याशिवाय औरंगपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये महिनाभर कॉम्प्युटर शिकले होते. शिकले म्हणजे काय, एका मशीनपुढं आम्ही तिघी बसायचो. एक बोटं चालवायची, दोघी बघायच्या. पण कचेरीत तेवढंही कुणाला येत नव्हतं. म्हणून मशीन आलं तेव्हा साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "हे आता तुमच्याकडं."

मशीन ठेवलेल्या खोलीत कचेरीतला दुसरा एसी बसवला. पहिला साहेबांच्या खोलीत होता. चपला बाहेर काढून आत जायचं. आमचे हेडक्लार्क निवृत्तीला आलेले, निजामाच्या काळातल्या शाळेत शिकलेले. त्यांच्या बोलण्यात उर्दू शब्द सहज यायचे. खोक्यावरचं इंग्रजी त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"पर्सनल कॉम्प्युटर. पर्सनल म्हणजे कुणाचा, बेटा?"

मी क्लासमध्ये ऐकलेलं सांगितलं. पूर्वीचे कॉम्प्युटर खोलीएवढे मोठे असायचे, विद्यापीठं आणि मोठ्या कंपन्यांकडंच असायचे. शंभर माणसांचं काम गठ्ठ्यानं त्याच्याकडं जायचं आणि उत्तर दुसऱ्या दिवशी मिळायचं. मग सगळा मेंदू नखाएवढ्या चकतीत मावायला लागला आणि एका माणसापुढं एक मशीन ठेवता आलं. म्हणून पर्सनल.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे हा तुझा."

माझा तो नव्हताच. पण त्या शब्दानं मला जरा चढल्यासारखं झालं, हे खरं.

त्या मशीनला आजच्यासारखी पोटात साठवण नव्हती. सगळं काळ्या, लवचीक, चौकोनी फ्लॉप्यांवर. एका खाचेत कामाची फ्लॉपी घालायची, दुसरीत आपल्या माहितीची. बटण दाबलं की ते आधी स्वतःची स्मरणशक्ती मोजायचं; पडद्यावर हिरवे आकडे भराभर चढत जायचे. मग एक अक्षर आणि शेजारी लुकलुकणारी रेघ. आपण काही सांगेपर्यंत ते तसंच बसून राहायचं. मला ते फार आवडायचं. कचेरीत माझं ऐकायला असं दुसरं कुणी थांबत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात धडा मिळाला. तीन तास बसून नावं भरली आणि वीज गेली. परत आली तेव्हा पडदा कोरा. पडद्यावर दिसतं ते मशीनच्या नुसतं ध्यानात असतं. फ्लॉपीवर उतरवेपर्यंत ते लिहिलेलं नसतं. वीज गेली की ध्यान गेलं. मी रडले, डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली. त्यानंतर दर दहा नावांना फ्लॉपीचा तो कुरकुर आवाज ऐकल्याशिवाय पुढं गेले नाही.

ती नावं होती टँकरच्या गावांची. तोवर यादी हेडक्लार्क हातानं करायचे. तालुक्यांकडून दर आठवड्याला नव्या याद्या यायच्या, त्यात जुनी गावं पुन्हा घातलेली असायची, आणि एकाच गावाला दोनदा टँकर लागायचा. साहेब वैतागले होते. "कॉम्प्युटरवर घ्या सगळं," ते म्हणाले.

आमच्या मशीनला मराठी येत नव्हतं. त्याला इंग्रजी अक्षरं तेवढी कळायची, तीही आकडे म्हणून. प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा. मी नीटनेटकी बाई. सगळी नावं मोठ्या लिपीत लिहायची, 'व' आला की एकच ठरलेलं अक्षर वापरायचं, असे नियम मी स्वतःच केले. मग मशीनला हुकूम दिला की नावं क्रमानं लाव आणि सारखं नाव दोनदा आलं तर एकदाच दाखव. मिनिटभरात यादी तयार. प्रिंटर करकरत कागद बाहेर टाकू लागला, तेव्हा दारात माणसं जमली. एकही खाडाखोड नाही. साहेबांनी कागद हातात धरून म्हटलं, "याला म्हणतात काम." हेडक्लार्कांनी न वाचता सही केली. वाचायचं काय होतं त्यात? जुनी रजिस्टरं कपाटाच्या तळाशी गेली.

त्यानंतर आठवडाभरानं, भर दुपारी, एक बाई त्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. नऊवारी, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. चपला कुणी न सांगता बाहेर काढलेल्या.

"इथंच हाय का त्यो कॉम्प्युटर?"

"हो, मावशी. काय काम होतं?"

"पाच दिस झाले, टँकर आला नाय. ड्रायव्हर म्हणतो यादीत नाव नाय. तहसिलीत गेले, तर ते म्हणाले कॉम्प्युटरात तुमचं गावच नाय. म्हणून यष्टीनं इथवर आले." तिनं पडद्याकडं पाहिलं. "बघा बरं बाई, कुठं गेलं आमचं गाव?"

हेडक्लार्क मागच्या टेबलावरून म्हणाले, "मावशी, मशीनची यादी आहे. मशीन चुकत नाही."

मी गावाचं नाव विचारलं. ती म्हणाली आणि मी टाइप केलं. नाव लगेच पडद्यावर आलं. मला हायसं वाटलं.

"आहे की, मावशी. हे बघा. वडगाव. सहाशे घरं, रोज दोन टँकर."

"सहाशे कुठली? आमचा दीडशे उंबरा. तुम्ही म्हणता ते वडगाव नदीकडचं. आमचं वाडगाव. डोंगराकडचं." मला कळलं नाही असं वाटून तिनं बोटानं हवेत एक उभी रेघ ओढली. "काना हाय त्याला."

इंग्रजीत दोन्ही नावं मी एकाच पद्धतीनं लिहिली होती. तालुकाही एकच. मशीनच्या लेखी ते एकाच गावाचं नाव दोनदा आलेलं होतं, आणि दोनदा आलेलं एकदाच दाखव, असं मीच त्याला सांगितलं होतं. त्यानं ऐकलं होतं.

मी उठून कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं. हेडक्लार्कांच्या वळणदार अक्षरात एकाखाली एक लिहिलेलं होतं, वडगाव, वाडगाव. दुसऱ्यातला काना त्यांनी मुद्दाम लाल शाईनं गिरवला होता. मी रजिस्टर त्यांच्यापुढं ठेवलं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"सही माझी आहे," ते म्हणाले आणि फोनकडं वळले.

तासाभरात एक टँकर निघाला. मी म्हणाले, मीही जाते. हेडक्लार्क म्हणाले, "तुझं तिथं काय काम, बेटा?" पण त्यांनी अडवलं नाही. ड्रायव्हरशेजारी ती बाई आणि मी, अशा बसून गेलो. दौलताबादचा किल्ला मागं पडला. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा उभ्या वाळलेल्या. बाई वाटेत एकदाच म्हणाली, "पाच दिस लई असतात."

गावात टँकर दिसताच हंडे, घागरी, डबे घेऊन बाया धावल्या. आरडाओरडा झाला, भांडणं झाली. मी बाजूला उभी. बाईनं मला घरी नेलं. ओट्यावर तिची सून बसली होती, माझ्याच वयाची. हाताला बांबूच्या पट्ट्या बांधून फडकं गुंडाळलेलं. टँकर येत नाही म्हणून बाया दोन कोसांवरच्या विहिरीवर जात होत्या. तिसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना ही घसरली होती.

"ह्या कचेरीतल्या बाई," सासू म्हणाली. पुढचं सांगायचं ते तिनं माझ्यावर सोडलं होतं.

मी सांगितलं. यादी मी केली होती, तुमच्या गावाचं नाव माझ्यामुळं गळलं.

सुनेनं माझ्याकडं नीट पाहिलं. रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "कॉम्प्युटर म्हंजे काय असतं?"

मी सांगू लागले. लोखंडी डबा असतो, त्याला पडदा असतो. आपण लिहिलेलं ते ध्यानात ठेवतं, क्रमानं लावतं, हजार नावांतलं एक क्षणात शोधून काढतं.

"वाचता येतं त्याला?"

"नाही. त्याला फक्त आकडे कळतात. दोन आकडे सारखे की वेगळे, एवढंच ते बघतं. पण फार भराभर बघतं."

"आन् पाणी कुणाला पायजे ते?"

"ते त्याला नाही कळत."

"मग तुमाला कळायला पायजे व्हतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. दुखऱ्या हाताखाली दुसरा हात घेऊन ती तशीच बसून राहिली. मी "व्हय" म्हणाले. निघताना सासूनं मला अर्धा पेला चहा दिला. तो प्यावा की नाही, मला ठरवता येईना. शेवटी प्यायले.

घरी पोचेतो दिवेलागण झाली होती. वडील ओसरीवर होते. तेही जन्मभर कारकून. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "यादी यंत्राकडून तपासून घेतलीस. माणसाकडून तपासून घेतलीस का?"

दुसऱ्या दिवशी मी सगळी फ्लॉपी पुन्हा केली. प्रत्येक गावाला वेगळा क्रमांक दिला, म्हणजे नाव सारखं दिसलं तरी गाव हरवणार नाही. जुनं रजिस्टर आणि पडदा शेजारी ठेवून हेडक्लार्क आणि मी चार दिवस बसलो. मी पडद्यावरचं वाचायची, ते रजिस्टरवर बोट ठेवायचे. अशीच आणखी दोन गावं सापडली. त्यांच्याकडून अजून कुणी आलं नव्हतं. बहुधा यष्टीनं शहरापर्यंत यायला त्यांना जमलं नसेल. त्या दोन गावांचा विचार मला वाडगावपेक्षा जास्त छळतो. आमची चूक आमच्यापर्यंत पोचवायला एका बाईला दिवस मोडावा लागला. ती आली नसती तर ती सुबक यादी आम्ही पावसाळ्यापर्यंत चालवली असती.

पुढं मी कायम झाले. मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड आलं, मग पोटात साठवण असलेली मशीनं आली, मग टेबलाटेबलावर एकेक. हेडक्लार्क निवृत्त झाले. नवीन येणाऱ्या मुलींना कॉम्प्युटर शिकवायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. मी त्यांना आधी मशीन उघडून दाखवायची. हे ध्यान, ही साठवण, हा हिशेब करणारा तुकडा. घाबरण्यासारखं आत काही नाही, हे त्यांना दिसावं म्हणून. मग त्यांना यादी करायला लावायची आणि छापण्याआधी ती दुसरीला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगायची. सगळ्या नावांसकट, सावकाश. त्यांना ते कंटाळवाणं वाटायचं. "मॅडम, कॉम्प्युटरनं चेक केलंय," त्या म्हणायच्या.

"असू दे," मी म्हणायची. "वाच."