पाच पायऱ्या अन् एक मचान

आमच्या मूल तालुक्यात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतेत. तुमच्याही कानावर आली असन. आली असन तं ते बाजूले ठेवा राजेहो, अन् चहा संपेपर्यंत माझ्या तोंडून आयका. गाढवपणा मीच केला, पण लोक सांगतेत तो नाई. माझा त्याच्यापेक्षा मोठा हाय.

मी शाळेत गेलो नाई. माझ्या वाट्याले बैल आले, पुस्तक आलं नाई. पण एक काम मले जमते. रुसलेल्या माणसाची समजूत काढणं. आमच्याकडं लग्न म्हणलं का कोणी ना कोणी रुसतेच. जावई रुसते, फुफा रुसते, एखाद्या वेळी बँडवाला रुसते. मंग कोणीतरी म्हणते, "बुढ्याले बलवा." मी जातो. बाजूले बसतो. सुपारी-तंबाखूचा खर्रा काढतो अन् घोटत राहतो. बोलत काईच नाई. मले घाई कुठी असते? शेवटी रुसलेला माणूसच वैतागते, "बोला न काईतरी." तो बोलला का समजाचं, अर्धा रुसवा गेला. मंग खर्रा पुढं कराचा. झालं. एवढीच माझी विद्या.

आता ही विद्या सोडून मी दुसरीच्या मांगं काऊन लागलो, ते आयका.

माझी धाकटी सून वैशाली. तिनं लग्न झाल्यावर बी.ए. लावलं, अन् विषय घेतला मानसशास्त्र. तिले मोठ्यानं वाचल्याबिगर पाठ होत नाई, अन् आयकाले घरात रिकामा माणूस मी एकटा. एक दिवस अंगणात धान वाळत होतं. वैशाली म्हणते, "मामाजी, माणूस कशासाठी धडपडते, सांगा."

"पोटासाठी," मी म्हणलं.

"बरोबर. पण ते सगळ्यात खालची पायरी झाली."

तिनं धानाची रास केली अन् बोटानं त्याच्यावर आडव्या रेघा ओढल्या. सगळ्यात खाली पोट. त्याच्यावर जीव सुरक्षित राहणं. त्याच्यावर आपली माणसं. त्याच्यावर मान. अन् पार टोकावर, माणसाच्या अंगात जे बनाचं असते ते बनणं. खालची पायरी भरल्याबिगर माणसाले वरची सुचत नाई, असं एका मोठ्या साहेबानं म्हणलं म्हणे.

"अन् दुसरा एक साहेब म्हणते," वैशाली म्हणाली, "काई गोष्टी अशा असतेत का त्या असल्या तं कोणी खुश होत नाई, पण नसल्या तं सगळे भडकतेत."

"वरणातलं मीठ," मी म्हणलं.

ते माझ्याकडं पाहतच राह्यली. "मामाजी, तुम्ही परीक्षेले बसा."

बस. इथीच माझं डोकं फिरलं. तिनं सांगतलं होतं बापा, का पुढच्या पानावर असंही लिहिलं हाय, का खरा माणूस काई असा पायरी पायरीनं चढत नाई. पण ते पान दुसऱ्या दिवशी वाचाचं ठरलं. दुसऱ्या दिवशी नातीच्या लग्नाची खरेदी निघाली, अन् ते पान राहूनच गेलं. आमच्या घरात मानसशास्त्र आलं, पण अर्धं.

नात म्हणजे पूजा, माझ्या थोरल्याची पोरगी. नवरदेव चामोर्शीकडचा. अन् पूजाचा मामा म्हणजे थोरल्या सुनेचा भाऊ रामदास, कोरपन्याकडचा कापूसवाला. अंगानं भारी, आवाजानं त्याच्याहून भारी. नातवंडाईचा मामा म्हणून मी बी त्याले मामाच म्हणतो.

लग्नाच्या दिवशी मांडवात पाव्हण्याईले दुपट्टा-टोपी देणं चालू होतं. माझा थोरला मनाचा मोकळा. त्यानं नवरदेवाच्या गाडीच्या ड्रायव्हरले बी दुपट्टा घातला, मंडपवाल्याले बी घातला. मामाची पाळी आली तं दुपट्टे संपले. आता सगळे पाहून राह्यले. थोरला घाईनं घरात गेला अन् हाताले जे लागलं ते आणून मामाच्या गळ्यात टाकलं.

तो टॉवेल होता. निळ्या पट्ट्याचा. अन् जरा ओला.

मामा उठला, घराच्या मांगं आमची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं वावर हाय, तिथी गेला, अन् रानडुकरं राखाचं जे मचान हाय त्याच्यावर चढून बसला. माणूस हुशार. रुसाले असी जागा लागते का जिथून आपण सगळ्याईले दिसू. घरात कोपऱ्यात बसून रुसलं तं कोणाले पत्ता लागते?

आता तुम्ही म्हणान, बसू द्या. कसं बसू द्या राजेहो? पोरीले मांडवात मामाच आणते. मुहूर्त जवळ आला होता. लग्न लावणारे महाराज "मुलीच्या मामानं मुलीले आणावं" म्हणतीन, अन् मामा मचानावर. पूजानं मले आतमधून बलावलं. हातात नारळ, डोळे भरलेले. म्हणे, "आबाजी, मामाले आणा. मी त्याच्याच हातानं जाईन. दुसऱ्या कोणाच्या नाई."

मी म्हणलं, "तू डोळे पूस. आत्ता आणतो."

खिशात खर्रा होता. तिथी जाऊन चूप बसलो असतो तं काम झालं असतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात धानाची रास होती. मी विचार केला, मामा मानाच्या पायरीवर अडकला हाय. म्हणजे खालचं काईतरी भराचं राह्यलं. खालून सुरुवात कराची.

मचानाखाली उभा राहून मी म्हणलं, "मामा, भूक लागली का?"

वरून आवाज आला, "काय म्हणलं?"

"पोटात काई हाय का नाई, म्हणलं. बुंदी आणू थोडी?"

"मी बुंदीसाठी आलो का तुमच्या इथी? कोरपन्यात माझ्या घरी चूल पेटत नाई का भाऊ?"

चला, पह्यली पायरी भरली हाय. दुसरी.

"मामा, या मचानाले वाळवी लागली हाय. जिवाले सांभाळा."

"धमकी देता?"

"नाई गा. तुमाले तिथी सुरक्षित वाटते का, ते विचारून राह्यलो."

"आंधी टॉवेल देता, अन् आता पडशीन म्हणता. चांगली पाव्हणेरी हाय तुमची."

तिसरी पायरी, आपली माणसं. मी मामीले बलावणं धाडलं. मामी जेवाचं ताट हातात घेऊनच आली. वर पाह्यलं अन् म्हणे, "राहू द्या त्याईले तिथीच. घरी बी असेच माळ्यावर जाऊन बसतेत. तिथी पंखा हाय का? नाई न? मंग येतीन उतरून." अन् वांग्याची भाजी थंडी होते म्हणून परत गेली. हे सगळं मामानं वरून आयकलं.

थोरला पळत आला. "बाबा, काय करून राह्यले तुम्ही? त्याले नुसता दुपट्टा पाह्यजे होता. आता म्हणते, माफी पाह्यजे, अन् ते बी माइकवर."

"थांब," मी म्हणलं, "अजून दोन पायऱ्या बाकी हायेत."

त्याले वाटलं, माझं वय झालं.

चौथी पायरी मान. मी डीजेवाल्याचा माइक घेतला अन् सगळ्या गावाले आयकू जाईन असं सांगतलं, "आमचे मानाचे मामा सध्या मचानावर विराजमान हायेत. सगळ्यानं त्याईले तिथूनच नमस्कार करावा."

लोकाईनं केला. पण नवरदेवाकडच्या लोकाईनं बी आयकलं न. नवरदेवाचा बाप दहा माणसं घेऊन बांधीत आला. मचानाकडं पाह्यलं, मले बाजूले घेतलं.

"व्याहीबुवा, तुमच्या गावात मामाले मचानावर बसवाची रीत हाय, हे आंधी सांगाचं होतं. आमच्या मामाचा मान कमी काऊन?"

मी सांगणारच होतो. पण तुमाले माहीत हाय, माझं बोलणं हळू. पह्यला शब्द तोंडातून निघेपर्यंत नवरदेवाचा मामा शिडीच्या तिसऱ्या दांड्यावर पोचला होता.

आता मचानावर दोन मामा. दुसरा बी पह्यल्यासारखाच धट्टाकट्टा. मचान एकदा कर्र म्हणलं अन् मंग त्यानं बी नशीब मान्य केलं. वर त्या दोघाईचं सुरू झालं.

"तुमाले काय भेटलं?"

"दुपट्टा. तुमाले?"

"हे पहा."

"टॉवेल? अन् ओला दिसते."

"ओलाच हाय."

"हे लयच झालं. मंग मी बी उतरत नाई."

म्हणजे पोरीचा मामा आणाले गेलो, अन् नवरदेवाचा बी घालवून बसलो. महाराज मांडवातून दोनदा डोकावून गेले.

राह्यली शेवटची पायरी. हे खालून वरडून विचाराची गोष्ट नोहे. मी शिडी चढलो. माझे गुडघे कसे हायेत ते मले माहीत अन् त्या शिडीले माहीत. वर पोचलो, दम खाल्ला, मामाचा हात हातात घेतला अन् विचारलं, "मामा, खरं सांगा. तुमाले आयुष्यात काय बनाचं होतं, जे राहून गेलं?"

मामाचा चेहरा पह्यल्यांदा नरम पडला. लांब पाहत म्हणे, "भाऊ, मले एसटीचा कंडक्टर बनाचं होतं."

मले वाटलं, जमलं. तेवढ्यात दुसरा मामा म्हणे, "मी तेच होतो. मागच्या साली रिटायर झालो."

झालं. पह्यल्या मामाचे डोळे चमकले. गडचिरोली डेपो, चामोर्शीची गाडी, सिरोंच्याचा मुक्काम, पावसात बंद पडलेला रस्ता. एक विचारून राह्यला, दुसरा सांगून राह्यला. मधात मी. शेवटची पायरी अशी भरली का दोघाईले खाली मांडव हाय, याची बी आठवण राह्यली नाई.

मी डोळे मिटून घेतले. नातीले काय तोंड दाखवू?

तेवढ्यात खालून आवाज आला, "मामा."

पूजा होती. पिवळं लुगडं, डोक्याले बाशिंग, पायात काई नाई, अन् तापलेल्या बांधीत उभी.

"मामा, पाय भाजून राह्यले माझे. येता, का मी एकटीच जाऊ?"

तो भारी माणूस, राजेहो, वानरासारखा उतरला. दुसरा मामा त्याच्या मांगं. मामानं पोरीले लेकरासारखं उचललं अन् मांडवाकडं निघाला. टॉवेल तिच्या डोक्यावर उन्हासाठी धरला.

मी वरच होतो. पाव्हणे आंधी, आपण मांगून, हे माझं वळण. पण दोन मामा एका पाठोपाठ उतरले तं शिडीचे दांडे मोडले, अन् मोडलेली शिडी आडवी होऊन बांधीत पडली. कोणी मांगं वळून पाह्यलं नाई. मुहूर्त होता. मी हाका मारल्या तं डीजे सुरू झाला.

नातीचं लग्न मी मचानावरून पाह्यलं. दिसत चांगलं होतं, ते नाई म्हणणार नाई. मामा तिच्या मांगं उभा होता. मंगलाष्टकं सुरू झाली तं माझ्या हातात अक्षता नाई. मचानावरच्या धानाच्या तणसात शोधलं, मागच्या हंगामाचे चार-सहा दाणे सापडले. तेच मांडवाच्या दिशेनं टाकले अन् हात जोडले.

अन् नेमकं तवाच कोणीतरी वर पाह्यलं.

"बुढा अजून वर काऊन?"

"रुसला असन."

"नातीच्या लग्नात?"

"दुपट्टा नाई भेटला म्हणते."

अन् खरंच, मले दुपट्टा भेटला नव्हता. घरच्या माणसाले कोण देते?

पुढची पंगत बसाच्या आंधी सगळा मांडव बांधीत आला. सगळ्यात पुढं मामा. त्यानं वर पाह्यलं, अन् मोठ्या मायेनं विचारलं, "भाऊ, भूक लागली का?"

"शिडी तुटली," मी म्हणलं.

"बहाणे नका सांगू. मी होतो न वर. मले माहीत हाय कसं वाटते ते."

"खरंच तुटली गा मामा. तुमच्या पायाजवळच पडली हाय."

त्यानं खाली पाह्यलं. "ते तं जोडता येते भाऊ. मन तुटलं असन तं सांगा."

नवरदेवाच्या बापानं हात जोडले. "व्याहीबुवा, आमचं काई चुकलं का?" थोरला रडकुंडीले आला, "बाबा, चारचौघात असं करू नका." मामी म्हणे, "पंखा नाई तिथी, येतीन उतरून."

मंग मले वैशाली दिसली. आशा वाटली. म्हणलं, "सूनबाई, तू शिकलेली हायेस. तू तरी सांग याईले."

तिनं मचान पाह्यलं, मोडलेली शिडी पाह्यली, अन् पदर तोंडात धरून हसत राह्यली. हसणं आवरल्यावर म्हणे, "मामाजी, मले समजलं हो. पण रुसलेल्या माणसाले जबरदस्तीनं उतरवाचं नसते, असं या लोकाईचं म्हणणं हाय. रुसवा गेला म्हणा, तवाच कोणी शिडी आणन."

डीजेवाल्यानं बांबूले बांधून माइक वर दिला. काय करू? ऊन लागून राह्यलं होतं, अन् भूक तं खरंच लागली होती. सगळ्या मांडवासमोर मी म्हणलं, "मी रुसलो होतो. आता नाई."

लोकाईनं टाळ्या वाजवल्या. शेजाऱ्याची शिडी आली. खाली पाय ठेवला तं दुसऱ्या मामानं आपल्या गळ्यातला दुपट्टा काढून माझ्या गळ्यात घातला, अन् डीजेवाल्यानं बँड वाजवल्यासारखं काईतरी लावलं.

तवापासून तालुक्यात कोणतंही लग्न असो, पह्यला दुपट्टा मले. नवरदेवाच्या बापाच्या आंधी. समजूत काढाले मले आता कोणी बलावत नाई. सुरुवातीले मी एकेकाले सांगत होतो, का मी रुसलो नव्हतो, शिडी तुटली होती. लोक "हो हो, भाऊ" म्हणत अन् अजून एक टोपी घालत. मंग सांगणं सोडून देलं.

परवा चामोर्शीकडं एका लग्नाले गेलो. त्या लोकाईले माहीत नसन, माझ्या आंधी दोघाईले दुपट्टे घातले. मी काईच बोललो नाई. मी शांत माणूस. पण तुमच्यापासून काय लपवू, उभ्या उभ्या मी एकदा चारी बाजूनं नजर फिरवली, का या गावात मचान कुठी हाय.