चेहरा जरा डावीकडे

"थांब, असा नको." मोबाइलवर साधा फोटो काढायचा असला तरी काकू हनुवटी उचलून चेहरा जरा डावीकडे वळवायच्या आणि डोळे किंचित खाली टाकायच्या. ऐंशी ओलांडलेली बाई, अंगात मुलाचा जुना स्वेटर; पण त्या क्षणी तुम्हीसुद्धा बघत राहिला असता.

जर्मनीत, बॉनमध्ये त्या आमच्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहायच्या. तो दिवसभर ऑफिसात, मी घरून काम करणारी. म्हणून दुपारचा चहा आमचा एकत्र. इथली दारं ओढली की आपोआप बंद होतात. काकू एकदा जिन्यात पडल्या, तेव्हापासून मुलाने त्यांची किल्ली काढून घेतली आणि ती माझ्याकडे दिली. बाहेर पडल्या तर परत आत येता यायचं नाही, म्हणून त्या घराबाहेर जायच्याच नाहीत.

लग्नाआधी मुंबईत काकू साड्यांच्या जाहिरातींसाठी उभ्या राहायच्या. दोन-तीन काळ्या-पांढऱ्या रहस्यपटांतही होत्या. नायकाला फसवणारी, जिन्यावर सिगारेट धरून उभी असलेली बाई.

"ओढली कधीच नाही गं. धूर दुसराच कुणीतरी खाली बसून सोडायचा," त्या खुशीत सांगायच्या. "आणि ब्लाउज ढगळ असला की पाठीला कपड्यांचे चिमटे. समोरून महाराणी, मागून वाळत घातलेलं धुणं! हलायचं नाही, श्वास घ्यायचा नाही."

"त्रास नाही व्हायचा?"

"व्हायचा की. पण दिवे बंद झाले की चिमटे काढायचे." मग बंद खिडकीकडे बघत म्हणाल्या, "इथे कोण काढणार?"

सासरी सांगितलं, हे बंद. त्यांनी बंद केलं. नवरा गेल्यावर मुलाने "थोडे दिवस राहून बघ" म्हणून इथे आणलं. पुढे दादरची जागा विकली, आणि विकल्यावर एका रविवारी जेवताना आईला सांगितलं. काकूंनी वाढून घेतलेला भात संपवला, असं तोच मला म्हणाला.

मग इथे राहण्याचा परवाना वाढवायची वेळ आली. त्यासाठी फोटो हवा होता. आम्ही तिघं स्टुडिओत गेलो. काकूंनी लिपस्टिक लावली होती. स्टुलावर बसल्या आणि चेहरा डावीकडे.

"बिट्टे, प्लीज," फोटोग्राफरने सरळ बघा असं हाताने दाखवलं. पुन्हा डावीकडे. पुन्हा.

"आई, परवान्याच्या ऑफिसात उद्याची टेर्मिन आहे. प्लीज, सरळ बघ ना!"

"तू जागा विकलीस तेव्हा माझ्याकडे सरळ बघितलं होतंस?"

फोटोग्राफरला मराठी कळत नव्हतं, तरी त्याने कॅमेरा खाली घेतला. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "तिथे तुला एकटीला कसं ठेवू, आई?" तो म्हणाला.

काकूंनी बराच वेळ त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग पदर सारखा केला आणि समोर बघितलं. फोटो पहिल्या झटक्यात आला. सपाट उजेडात सगळ्या सुरकुत्या दिसत होत्या.

"गेनाऊ," फोटोग्राफर म्हणाला. अगदी असंच.

परतताना ट्राममध्ये रिकामी जागा असूनही त्या बसल्या नाहीत. दांडा धरून उभ्या. मला म्हणाल्या, "उतरायचं कुठे ते तूच सांग. मला सगळे स्टॉप सारखेच दिसतात."

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. मुलगा अस्थी घेऊन निघाला तेव्हा मी विमानतळावर सोडायला गेले होते.

"आधी दादरला नेणार का त्यांना?" मी विचारलं.

"कुठे नेऊ?" तो म्हणाला. "तिथे आता दुसरे लोक राहतात."