परीक्षा परवा आणि पुस्तकं कपाटात

मैत्रिणींनो, दुपारपासून माझा राग शमत नाही.

परवा माझ्या पुतणीची, सुमनची, सातवीची फायनल परीक्षा. आज ती बाहेर बसली आणि सासूबाईंनी तिची पुस्तकं कपाटात ठेवली. "सरस्वतीला विटाळ नको!" म्हणाल्या. वर तिला घरामागच्या आगरातला पातेरा, सुकून पडलेली पानं, गोळा करायला धाडलं.

"काम चालतं, मग वाचन का नाही?" मी विचारलं.

"तुझं शहाणपण तुझ्यापाशी ठेव हो!"

मी भूगोलाचं पुस्तक घेऊन आगरात गेले आणि लांब बसून मोठ्यानं वाचू लागले. सुमन वाकून पानं गोळा करत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "गो काकू, परवा मला पाठवतील ना?"

परवा मीच तिला नेणार आहे. घरात काय व्हायचं ते होवो. तुमच्या घरच्या मुली अशा किती परीक्षांना मुकल्या?