पानामागचा शब्द

ऑफिसात तिला सगळे तुफान म्हणत. दुसऱ्यांचा आठवडा खाणारं काम ती दुपारच्या चहाआधी उरकायची आणि वर विचारायची, "अजून काही?"

तपासणी लॅबची वेबसाइट तिनेच केली होती. गंभीर निदान पेशंटला डॉक्टरांच्याच तोंडून कळावं, असा लॅबचा नियम. त्यामुळे स्क्रीनवर फक्त पेशंटचं नाव आणि "रिपोर्ट तयार आहे, डॉक्टरांना भेटा" एवढंच यायचं. सर्व्हरने ब्राउझरला तेवढंच दिलं असतं तरी भागलं असतं. पण निवडत कोण बसणार? तिने पेशंटची अख्खी माहिती एका व्हेरिएबलमध्ये कोंबली, पानासोबत धाडून दिली आणि नको ते दाखवू नकोस, असं ब्राउझरला सांगितलं.

"सगळंच कशाला पाठवतेस?" शेजारच्या सीनियरने विचारलं होतं.

"दिसतंय कुठे कुणाला?" म्हणत तिने विषय संपवला.

वर्षभराने तिच्या वडिलांच्या पोटातल्या गाठीचा तुकडा त्याच लॅबमध्ये तपासायला गेला. रिपोर्ट तयार झाल्याचा मेसेज आला तशी जेवणाच्या सुट्टीत तिने पान उघडलं. डॉक्टरांना भेटा. डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली होती. तिथेच थांबायला हवं होतं, पण हाताला खोड. तिने पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडला. कंसांच्या आणि अवतरणचिन्हांच्या गर्दीत बाबांचं नाव, वय आणि पुढे तो शब्द. अर्थ शोधायची गरज नव्हती. डबा तसाच उघडा राहिला.

दुपारीच तिने चूक दुरुस्त केली. सोर्स पुन्हा पाहिला, शब्द गेला होता. मग तिला वर्षभरातले बाकीचे पेशंट आठवायला लागले, ज्यांची तोंडंही तिने पाहिली नव्हती. कुणाकुणाच्या घरच्यांनी असंच एकट्याने वाचलं असेल? दुकानांच्या पाट्यांवर, लिफ्टच्या आकड्यांत, डोळे मिटले तरी तो शब्द तिची पाठ सोडेना.

घरी बाबा खिडकीच्या बिजागरीला तेल देत होते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला कुरकुर सहन होत नसे.

"काय गं, आला का रिपोर्ट?"

"डॉक्टरांना भेटा म्हणतायत, बाबा."

खोटं नव्हतंच ते. परवापर्यंत तरी बाबांना निर्धास्त राहू द्यायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. ती हसत राहिली. भडभडून आलं की नळ सोडून तोंड धुवायची.

डॉक्टरांनी घसा साफ केला आणि सांगितलं. बाबांनी नुसती मान डोलावली. बाहेर बाकावर बसल्यावर तिला राहवेना.

"बाबा, तुम्हाला धक्का नाही बसला?"

"परवाच बसला," ते म्हणाले. "तू घरी आलीस आणि तेव्हापासून माझ्याशी एकदाही भांडली नाहीस."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढी जपत होतीस मला. म्हटलं, निदान तुला तरी वाटू दे, की मला काही माहीत नाही."